चार हजार छायाचित्रांत आक्का कुठे?

चातुर्मास संपत आला की व्यापारी घरांतून लग्नसराईच्या तयारीला वेग येतो. कार्यालय, आचारी, पत्रिका, दागिने, मानपानाच्या साड्या या प्रत्येक बाबीचा चार-चार वेळा विचार होतो. भाव काढले जातात, घासाघीस होते, नमुने पाहिले जातात. छायाचित्रकार मात्र बहुधा ‘अमक्यांच्या लग्नात होता, बरा आहे’ एवढ्या शिफारशीवर ठरतो. ज्या खर्चाचे फळ पुढची पन्नास वर्षे घरात राहावयाचे, त्याचीच चौकशी सर्वांत कमी व्हावी, हे व्यापाऱ्याच्या घराला शोभणारे नाही.

सांगलीच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबाला ही गोष्ट फार जड जाऊन कळली. थोरल्या नातवाचे लग्न माघात थाटाने झाले. दोन छायाचित्रकार, दोन व्हिडिओवाले, वर घिरट्या घालणारा ड्रोन, लग्नाआधी कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन केलेले वधूवरांचे चित्रीकरण, असा सगळा सरंजाम होता. चाळीस पानांचा जाडजूड अल्बम घरी आला आणि त्याबरोबर चार हजारांहून अधिक छायाचित्रे असलेली हार्ड डिस्क. अल्बम पाहून पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केले. त्याच वर्षी भाद्रपदात, दशलक्षण पर्व आटोपल्यावर आठ दिवसांतच, घरातील आक्का गेल्या. श्रद्धांजली सभेसाठी त्यांचा एक चांगला फोटो हवा होता. सी.ए.ची आर्टिकलशिप करणारी नात रात्री संगणकापुढे बसली. लग्नाला अजून आठ महिनेही झाले नव्हते. तेव्हा फोटो मिळेल याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

पहाटेपर्यंत तिने सर्व छायाचित्रे पाहिली. आक्का एकोणीस ठिकाणी सापडल्या. अक्षता टाकताना पाठमोऱ्या. पंगतीच्या टोकाला, ताटाकडे पाहत असलेल्या. नवरदेवाच्या फेट्याआड अर्धा चेहरा झाकलेल्या. आणि व्यासपीठावर चाळीस माणसांच्या घोळक्यात, नखाएवढ्या. ज्या एका छायाचित्रात त्या जवळून दिसत होत्या, त्यात फ्लॅशचा प्रकाश चष्म्यावर असा चमकला होता की डोळेच दिसत नव्हते. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. तो सभेच्या सकाळी घरी आला तेव्हा आप्पांनी तसबिरीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ही कोण?” त्यांना दिसत नव्हते, अशातला भाग नव्हता.

नातीच्या मनात हे राहिले. हिशेब तपासणे हाच तिचा अभ्यास. तेव्हा तिने त्या चार हजार छायाचित्रांची तपासणी केली. डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्रासोबत त्याची एक नोंदही ठेवतो. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या लेन्सने, ती लेन्स किती मिलिमीटरवर असताना, किती प्रकाश आत घेऊन ते काढले, हे सारे त्या फाइलीत लिहिलेले असते. संगणकावर फाइलीचे गुणधर्म उघडले की ते वाचता येते. नातीने यादी करून पाहिले. दहांपैकी सात छायाचित्रे २४ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यान काढलेली होती, म्हणजे रुंद आवाका घेणाऱ्या लेन्सने. उरलेल्यांपैकी बहुतेक वधूवरांचीच. ८५ मिलिमीटर किंवा त्यापुढे काढलेले, घरातील एकाही वडीलधाऱ्या माणसाचे, एकही छायाचित्र नव्हते. तिच्या आईचेही नव्हते. कारण ती लग्नभर स्वयंपाकघर, मानपान आणि किल्ल्यांचा जुडगा यांतच होती.

या आकड्यांचा अर्थ समजून घेण्यासाठी लेन्सचे थोडे गणित पाहावे लागते. ते अवघड नाही. लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितका तिच्या नजरेचा आवाका मोठा. २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये मांडव, व्यासपीठ, पाहुणे, झुंबरे सगळे एकदम मावते. ८५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये एक माणूस मावतो. पूर्ण आकाराचा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ८५ची लेन्स लावून सहा-साडेसहा फुटांवर उभे राहिले, तर माणूस डोक्यापासून कमरेपर्यंत चौकटीत येतो. तेवढेच छायाचित्र २४च्या लेन्सने काढावयाचे तर जेमतेम दोन फुटांवर जावे लागेल. खरी गोम येथेच आहे. दोन फुटांवरून पाहिले की नाक कॅमेऱ्याला जवळ आणि कान दूर पडतात. त्यामुळे नाक फुगते, कान मागे जातात, कपाळ वाकते. मोबाइलने हात लांब करून काढलेल्या फोटोत आपलाच चेहरा परका वाटतो, तो यामुळेच. हा दोष लेन्सच्या काचेचा नव्हे, अंतराचा आहे. लेन्स केवळ छायाचित्रकाराने कोठे उभे राहावे ते ठरविते.

आणि सहा फूट हे अंतर माणसांच्या दृष्टीनेही योग्य आहे. दुकानाच्या गादीवर बसलेल्या शेठजींशी समोरचे गिऱ्हाईक बोलते, ओसरीवर बसलेल्या आजीशी सून बोलते, ते साधारण एवढ्याच अंतरावरून. ज्या चेहऱ्याला घर ‘आपली आक्का’ म्हणून ओळखते, तो या अंतरावरून पाहिलेला चेहरा असतो. ओळखपत्राचा कॅमेरा तोंडाजवळ आणून काढलेला चेहरा आप्पांना ओळखू आला नाही, यात नवल नाही. साठ वर्षे त्यांनी तो तसा कधी पाहिलाच नव्हता.

पुढच्या वर्षी त्याच नातीचे लग्न ठरले. छायाचित्रकार शोधण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले. पेठेतील एका जुन्या स्टुडिओत ती वडिलांबरोबर गेली. तेथील काकांनी रोलच्या जमान्यापासून लग्ने केली होती; आता मुलगा बरोबर असतो. इतरत्र तिला पॅकेजांची रंगीत पत्रके मिळाली होती. येथे तिने एकच प्रश्न विचारला, “काका, तुमची आवडती लेन्स कोणती?”

हा प्रश्न प्रत्येक घराने विचारण्याजोगा आहे. कारण त्याच्या उत्तरातून माणसाची नजर कळते. जो छायाचित्रकार लगेच ‘१६-३५’ म्हणतो, त्याला सजावट आवडते. ‘७०-२००’ म्हणणारा दूर उभा राहून, कोणाच्या लक्षात न येता चेहरे टिपणारा असतो. कन्येच्या पाठवणीच्या वेळी बापाचे डोळे भरून येतात, तो क्षण पंधरा फुटांवरून याच लेन्सने मिळतो. पण ती किलोहून अधिक वजनाची. दिवसभर खांद्यावर बाळगणे सोपे नसते आणि लहान घरात ती उपयोगाची नाही. ‘२४-७०’ ही लग्नातील गृहिणी म्हणावी. सगळी कामे करते, कोणतेही अडू देत नाही, पण तिचे नाव कोणी घेत नाही. बरेच छायाचित्रकार लग्नातील बहुतांश काम तिच्यावरच उरकतात.

काकांनी काउंटरवर तीन लेन्स मांडल्या. शेवटची त्यांनी मऊ फडक्यातून काढली. ८५ मिलिमीटर, एफ १.८. “ही माझी,” ते म्हणाले. “बाकीच्या धंद्याच्या.”

मग त्यांनी रोलच्या दिवसांची गोष्ट सांगितली. एका रोलमध्ये ३६ फोटो. एका लग्नाला आठ-दहा रोल म्हणजे डोक्यावरून पाणी. प्रत्येक वेळी बटण दाबले की पैसे खर्च होत. त्यामुळे सकाळीच घरातील कर्त्या माणसाबरोबर बसून यादी होत असे: आजी-आजोबांचा एक, मामांच्या कुटुंबाचा एक, आत्यांचा एक, व्याह्यांबरोबर एक. आजीला खुर्ची देऊन, पदर सारखा करून, मान किंचित वळवून फोटो काढला जाई. कारण तो बिघडला तर पुन्हा पैसे. आता बटण फुकट झाले आणि यादी गेली. तीनशे साठ फोटोंत जी आजी हमखास असे, ती चार हजारांत हरवू लागली. काकांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. डिजिटलमुळे त्यांचे काम सोपे झाले, हे ते मोकळेपणाने मान्य करतात.

व्यक्तिचित्रासाठी वेगळी लेन्स असावी, हा विचार छायाचित्रणाच्या जन्माइतकाच जुना आहे. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हाच्या लेन्समधून प्रकाश इतका थोडा येई, की माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसवावे लागे. पुढील वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्स्वाल यांनी केवळ गणिताच्या आधारे एक नवी लेन्स रचली. त्या आकडेमोडीसाठी त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज सैनिक मदतीला दिले गेले होते. ही लेन्स आधीच्या लेन्सपेक्षा दहापटींहून अधिक प्रकाश आत घेई. म्हणून माणसांची छायाचित्रे काढणे हा व्यवसाय होऊ शकला. फॉइग्टलेंडर या कंपनीने ती तयार करून विकली आणि भरपूर पैसा मिळविला. पेत्स्वाल यांनी मात्र आपली रचना एकरकमी दोन हजार गुल्डेन घेऊन दिलेली होती. पुढे दोघांचे बिनसले ते कायमचेच. व्यापारी वाचकांना यात फार नवे काही वाटणार नाही. हिस्सा न ठरवता एकरकमी सौदा करणाऱ्याची गोष्ट प्रत्येक पेठेत एखादी तरी असते.

आपल्या समाजाला तर या कलेचा निराळाच अभिमान वाटावयास हवा. भारतीय छायाचित्रणातील सर्वांत मोठे नाव, राजा दीनदयाळ, हे जैन कुटुंबात जन्मले होते. मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. छायाचित्रण हा आधी छंद होता. होळकर दरबारच्या प्रोत्साहनाने तो वाढला आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी हाच व्यवसाय केला. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. सिकंदराबाद आणि १८९६ पासून मुंबईतही त्यांचे स्टुडिओ होते. हैदराबादेत त्यांनी १८९२ मध्ये खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. उंच भिंतींच्या आत, केवळ स्त्रियांचा वावर असलेल्या त्या जागी एक युरोपीय महिला छायाचित्रे काढीत असे. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना संकोच न वाटता बसता यावे, हा त्यामागील विचार. १९०५ मध्ये दीनदयाळ निवर्तले. त्यांच्या दोन हजारांहून अधिक काचपट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत, आणि २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

दीनदयाळांच्या त्या स्टुडिओची आठवण आजही उपयोगी आहे. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया अनोळखी तरुणाने कॅमेरा रोखला की पदर पुढे ओढतात, तोंड फिरवितात, ‘माझा कशाला काढतोस, त्यांचा काढ’ म्हणतात. आक्का त्या एकोणीस छायाचित्रांत पाठमोऱ्या का होत्या, याचे अर्धे उत्तर लेन्समध्ये असले, तरी अर्धे येथे आहे. त्यांना बसवून घेणारे घरचे माणूस जवळ नव्हते. अनेक शहरांत आता स्त्री छायाचित्रकार लग्नाची कामे घेतात. हळद, मेंदी आणि वृद्ध स्त्रियांची व्यक्तिचित्रे यांसाठी त्यांना बोलावणे थोडे महाग पडले तरी सोयीचे ठरते.

काकांच्या लेन्सवरील ‘एफ १.८’ या अक्षरांकडेही पाहिले पाहिजे. लेन्सचे छिद्र किती मोठे उघडते, ते हा आकडा सांगतो. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी लेन्स पुढे ओढली की बहुधा ५.६ वर येते. तिच्या तुलनेत १.८ची लेन्स जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजेच ओसरीवरचा, खिडकीतला, बस्तीच्या सभामंडपातला मंद उजेड तिला पुरतो. फ्लॅश लागत नाही.

आपल्या समाजात या गोष्टीला केवळ सौंदर्याचे मूल्य नाही. लग्नानंतर वधूवर साधू-साध्वींच्या दर्शनाला जातात. अनेक परंपरांत विजेच्या दिव्याचा संबंध अग्निकायिक जीवांच्या हिंसेशी जोडला जातो आणि साधुजन त्यापासून दूर राहतात. अशा ठिकाणी कोणी तरी उत्साहाच्या भरात फ्लॅश उडवितो आणि सगळ्या कुटुंबाला ओशाळे व्हावे लागते. छायाचित्रकार अजैन असला तर त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. सांगणे घराचे काम आहे. आधी परवानगी घ्यावी, नकार मिळाला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा, परवानगी मिळाली तर उपलब्ध उजेडात, दुरून, आवाज न करता चित्र घ्यावे. बस्तीत किंवा देरासरात मूर्तीचे छायाचित्र घेण्यास बऱ्याच ठिकाणी मनाई असते. तीही आधीच विचारून घ्यावी.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची आपली रीतही येथे वरदान ठरते. विधी दिवसा होतात. सकाळी उपाध्ये विनायकयंत्राची पूजा मांडतात तेव्हाचा तिरपा, सौम्य उजेड लाखो रुपयांच्या दिव्यांनी निर्माण होत नाही. अलीकडे रात्रीचे स्वागतसमारंभ वाढले, त्याबरोबर निळे-जांभळे दिवे आणि मागे लखलखणारा एलईडी पडदा आला. त्या उजेडात हळदीचा पिवळा रंग हिरवट दिसतो, सोने पितळेसारखे आणि माणसे आजारी. मग संगणकावर सगळ्यांचे चेहरे एकसारखे गोरे, गुळगुळीत केले जातात आणि ऐंशी वर्षांच्या चेहऱ्यावरची एकही रेघ शिल्लक राहत नाही. रेघा पुसू नयेत, असे छायाचित्रकाराला स्पष्ट सांगावे. त्या रेघांसाठीच फोटो काढावयाचा असतो.

अहिंसेचा विचार निघालाच आहे, तर एक गोष्ट जाता जाता. एकोणिसाव्या शतकात बहुतेक छायाचित्रे ज्या कागदावर छापली जात, त्यावर अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप असे. पुढे शंभर वर्षे फिल्मवर जिलेटिनचा थर होता, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते. डिजिटल सेन्सरवर असे काही नसते. रासायनिक प्रक्रियेने छापल्या जाणाऱ्या फोटोच्या कागदावर मात्र आजही जिलेटिन असते. ज्या घरांना हे टाळावयाचे असेल त्यांनी अल्बम कोणत्या कागदावर, कोणत्या पद्धतीने छापला जाणार, याची चौकशी ऑर्डर देण्यापूर्वी करावी.

मोठ्या छिद्राच्या लेन्सचे एक पथ्यही आहे. ८५ मिलिमीटरची लेन्स १.८ वर उघडून दोन मीटरवरचा चेहरा घेतला, तर पुढे-मागे मिळून जेमतेम सहा सेंटिमीटरचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले तर कान धूसर होतात. एका माणसाच्या चित्रात मागची गर्दी, खुर्च्या, पंखे विरघळून जातात आणि चेहरा तेवढा उरतो, म्हणून हे हवेसे वाटते. पण त्याच उघड्या छिद्राने आजी-आजोबांचे जोडचित्र काढले आणि आजोबा चार बोटे मागे बसलेले असले, तर आजोबा पुसट येतात. जोडीसाठी ४ पर्यंत आणि तीन ओळींच्या कुटुंबचित्रासाठी ८ पर्यंत छिद्र लहान करणे, हे जाणता छायाचित्रकार न सांगता करतो. मोबाइलमधील ‘पोर्ट्रेट’ ही सोय मागची पार्श्वभूमी गणिताने पुसते. ती केस, चष्म्याची दांडी आणि नथीची कड यांच्यापाशी हमखास चुकते. घरातील एखाद्या मुला-मुलीला या छंदाची आवड असेल, तर दीडपट क्रॉपच्या साध्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ १.८ची लेन्स घ्यावी. ती ७५ मिलिमीटरसारखे काम करते आणि बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी असते. महागडी लेन्स लग्नापुरती मोठ्या शहरांत भाड्यानेही मिळते.

आता व्यवहाराचे. वर्षाला कोट्यवधींची उलाढाल कागदावर करणारी घरे छायाचित्रकाराशी तोंडी बोलून मोकळी होतात, हे पाहून आश्चर्य वाटते. एक पानभर करार पुरेसा आहे. किती माणसे येणार, त्यांतील मुख्य छायाचित्रकार स्वतः असणार की नाही, अल्बम किती पानांचा, कधी मिळणार, मूळ फाइली सगळ्या मिळणार की निवडक, हे त्यात लिहावे. रक्कम तीन टप्प्यांत द्यावी आणि शेवटचा टप्पा अल्बम हाती आल्यावर. नोंदणीकृत व्यावसायिकाचे बिल १८ टक्के जीएसटीसह येते. ते गृहीत धरूनच भाव ठरवावा.

मालकी कोणाची, हा प्रश्न बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो. म्हणजे हक्क कुटुंबाचा. पण कित्येक छापील पावत्यांच्या मागे बारीक अक्षरांत तो छायाचित्रकाराकडे राहील असे लिहिलेले असते, आणि मग घरच्या लेकीसुनांची छायाचित्रे त्याच्या जाहिरातीत दिसू लागतात. सही करण्यापूर्वी मागची बाजू वाचावी. जाहिरातीसाठी वापर करावयाचा तर लेखी संमती घ्यावी, असे एक वाक्य घालावे. आणि फाइली मिळाल्यावर त्या एकाच हार्ड डिस्कवर ठेवून कपाटात बंद करू नयेत. तीन प्रती असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी. दुकानाच्या वहीची नक्कल आपण जशी वेगळी ठेवतो, तसेच हे.

सांगलीच्या त्या कुटुंबाने काकांबरोबर यादी केली. नातीचे म्हणणे होते की वडीलधाऱ्यांचे फोटो लग्नाच्या दिवशी नकोतच. त्या दिवशी त्यांना नवी पगडी, नवी साडी टोचत असते, गुडघे दुखत असतात आणि पाहुणे हात धरून ओढत असतात. लग्नाच्या चार दिवस आधीची सकाळ ठरली. किती वेळ लागेल असे आप्पांनी विचारले, तेव्हा काका म्हणाले, “एका सामायिकाहून कमीच.” म्हणजे ४८ मिनिटांच्या आत. आप्पांना हे माप पटले.

बस्तीतून अभिषेक करून आप्पा परतले ते नेहमीच्याच धोतरात आणि टोपीत. वाड्याच्या पुढच्या दाराशी, उंबऱ्याच्या आत दीड हात, त्यांची रोजची खुर्ची मांडली होती. तेथे सकाळी रस्त्यावरचा उजेड परतून आत येतो. काका सहा-सात फुटांवर बसूनच राहिले. उभ्याने वरून रोखलेला कॅमेरा म्हाताऱ्या माणसाला लहान करतो, असे त्यांचे मत. पहिली दहा मिनिटे त्यांनी कॅमेरा उचललाच नाही. हळदीचा या वर्षीचा भाव काय, राजापुरी आणि सेलममध्ये फरक कसा ओळखावा, असे विचारीत राहिले. आप्पांनी खिशातून नव्हे, जवळच्या डब्यातून हळदीचे एक कांड काढले, मोडून दाखविले आणि आतला रंग दाखवीत समोर पाहिले. बटणाचा आवाज तेव्हा झाला.

मग नातीने आईलाही त्या खुर्चीवर बसविले. ती दोन मिनिटांत उठली, कोणी तरी गॅसवर दूध ठेवले होते. पण त्या दोन मिनिटांतली तीन छायाचित्रे चांगली आली.

शेजारच्या पेढीवरचे मालक काय चालले आहे ते पाहायला आले आणि त्यांनाही बसविण्यात आले. त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतले. मामा आणि मामी दुपारच्या गाडीने यायचे होते, त्यांच्यासाठी काकांनी संध्याकाळी परत यायचे कबूल केले. ड्रोन रद्द झाला होता. त्याच्या ठरलेल्या रकमेत त्या दिवशी अकरा माणसांची छायाचित्रे झाली, आणि प्रत्येकाला एक मोठी प्रत घरपोच मिळाली. आप्पांनी आपल्या प्रतीच्या मागे तारीख आणि तिथी स्वतःच्या हाताने घातली. ओळखपत्रावरून केलेली आक्कांची तसबीर अजून भिंतीवर आहे. नातीने जुन्या पेट्या उघडल्या आहेत. माहेरच्या एका लग्नातला, रोलच्या काळातला, आक्कांचा खुर्चीवर बसलेला फोटो कोणाकडे तरी असावा असे तिच्या आत्यांना वाटते, आणि त्या तो शोधत आहेत.